अक्काच्या गावचा वारा

मंगळवार, संध्याकाळ

आज लेकीने जळगाव विमानतळाचा हवामान अंदाज वाचायला शिकवला. व्ही, ए, जे, एल ही चार अक्षरं म्हणजे आपलं जळगाव. पुढे वारा २७०, म्हणजे पश्चिमेकडून येणारा. मी पटकन म्हणाले, "मग सरळ पिंपळनेरचा म्हण ना!" ती हसली. तिला काय ठाऊक?

धुळ्याच्या मळ्यात माझे वडील, आबा, वाऱ्याला गावाचंच नाव द्यायचे. गावही असं, जिथे आपलं कुणी नांदतंय. पश्चिमेचा वारा सुटला की पाठीवरचा फवारणीचा पंप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "अक्काना गावना वारा शे. तिनी याद करी व्हई." अक्का म्हणजे त्यांची पिंपळनेरला दिलेली बहीण; तिकडून वारा आला म्हणजे तिने आठवण काढली असणार. दरवेळी तेच वाक्य, मी चिडायचे. आणि आज तेच माझ्या तोंडून निघालं.

लेकीला वैमानिकाची नोकरी लागलीय, हैदराबादला. रविवारी निघेल. तिथली अक्षरं विचारून घेतली. व्ही, ओ, एच, एस. मग गच्चीवर जाऊन हैदराबादची दिशा पाहिली. आग्नेय.

तिकडून आपल्याकडे वारा येतो तरी कधी? सगळा जन्म खानदेशात गेला, पण आठवतच नाही.