अलीझाची चौकट

२३ नोव्हेंबर २०२०
शेंदूरजनाघाटची पौर्णिमा आजपासून राजापेठेतली मॅडम! दहावीले विज्ञान शिकवायचं. कोरोनापायी क्लासचे बाक रिकामेच, पोट्टे घरून मोबाइलवर. पण आमच्या क्लासचे मालक किशोर सर, त्यांनी ऑनलाइन फळा काय मस्त बनवला आहे! फळ्यावर प्रत्येकाच्या नावाची एक चौकट. शिकवून झालं की ज्यानं त्यानं आपल्या चौकटीत उत्तराची चिठ्ठी लावायची. सगळ्यांचं सगळ्यांले दिसते. मले तर भल्लं आवडलं. खोलीवाल्या काकूनं कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी खाऊ घातली.

२६ नोव्हेंबर
बाळापूरची अलीझा म्हणजे आगाऊ पोरगी. प्रत्येक चिठ्ठीखाली तिचं 'पण मॅडम, कावून?' असतेच. सूर्य मावळताना लाल, मग दुपारी कावून नाई? उत्तर शोधता शोधता मी घामाघूम. तिले डॉक्टर व्हायचं आहे. अशी एक पोरगी वर्गात असली की शिकवायले जोर येते.

१ डिसेंबर
अलीझा तीन दिवसांपासून नाई. घरात मोबाइल एकच, तो तिचे अब्बा सत्तारभाई वावरात घेऊन जातात. बोंडअळीनं कापूस खाल्ला, उरलासुरला वेचायले मजूर भेटत नाई, म्हणून पोरगीच वेचून राहिली. किशोर सरांले हे सांगतलं. ते म्हणाले की रोज संध्याकाळी फळ्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जाते, त्यात रिकामी चौकट दिसली नाई पाह्यजे. इथं सगळेच मास्तर गैरहजर पोट्ट्यांच्या नावानं लिहितात, तुमीच काय नवलाच्या? डोकं तापलं. पण नोकरी नवी. गुरुत्वाकर्षणावर तिच्या नावानं चार ओळी लावल्या, खाली 'पण मॅडम, कावून?' पण लिहिलं. लाज वाटली.

५ डिसेंबर
रोज लिहून राहिली तिच्या नावानं. आज मी लिहायच्या आधीच तिथं चिठ्ठी होती. भिंगांवर, एकही चूक नाई. वाटलं, भेटला बाप्पा मोबाइल पोरीले! खुशीत फोन केला, तर सत्तारभाई म्हणाले की ते वावरात आहेत, मोबाइल सकाळपासून त्यांच्याच खिशात आहे. मग लिहिलं कोणी? किशोर सर नाई म्हणतात.

८ डिसेंबर
अलीझाच्या आईचा, हमिदाभाभींचा फोन. रडून राहिल्या होत्या. परवापासून पोरीले अक्षरच ओळखू येत नाई. अकोल्याचे डॉक्टर म्हणतात, डोळे चांगले आहेत. आधी गुरुत्वाकर्षण विसरली, मग भिंगं, मग पाढे. मी फळा उघडून तारखा पाह्यल्या. ज्या दिवशी तिच्या नावानं जे लागलं, त्या दिवशी तेच गेलं. मायबाई, हे मीनं केलं.

९ डिसेंबर
सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. पाच मिनिटांत परत आल्या. सरांले म्हटलं, फळा बंद करा. हसले. म्हणे, अलीझा फळ्यावर सगळ्यांत हुशार, जाहिरातीत तिचाच फोटो टाकून राहिलो, अन् तुमी बंद कराले सांगता? आग लागो त्या जाहिरातीले!

११ डिसेंबर
एसटीनं बाळापूर. अंगणात कापसाचा ढीग. अलीझानं पाणी आणून दिलं अन् विचारलं, आप कौन? हातात पेन दिला, तिनं तो उलटा धरला — तेवढ्यात माहा मोबाइल वाजला. फळ्यावर तिच्या चौकटीत नवी चिठ्ठी. 'मॅडम, तुमी माह्या घरी कावून आल्या?'

१२ डिसेंबर
इथंच राहिली. पाटी आणली. हात धरून 'अ' शिकवून राहिली. सकाळी आला. दुपारी गेला. संध्याकाळी पुन्हा — सोडणार नाई मी हिले.

१४ डिसेंबर
'अली' लिहिलं! एकटीनं! भाभी अन् मी, दोघी रडलो. एकच अक्षर राहिलं —
आत्ता सरांचा फोन. म्हणे, टेन्शन घेऊ नका. फळ्यावर मॅडमचीही चौकट असते, ती रिकामी कशी ठेवणार? तीन दिवसांपासून मीच तुमच्या नावानं लिहून राहिलो.
आज तर म्हणे, लिहावंच नाई लागलं —

१५ डिसेंबर
अली — पाटी घेऊन बसली. म्हणते, मॅडम, पुढचं शिकवा.
पुढचं — वर रेघ. रेघ काढली. रेघेखाली —
पोरगी वाट पाहून राहिली.
सांगतलं, थांब बाई, मले आठव