प्रशिक्षकाचं रेटिंग

आई,

मी हेलिकॉप्टर चालवते. लायसन्स मिळून आठ महिने झाले, पण नोकरी नाही. कंपन्यांना पुष्कळ तास उडवलेला माणूस हवा असतो आणि माझे तास जेमतेम. म्हणून आता आणखी एक रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, घ्यायचं, दोनातलं एक. पहिलं ढगांतलं, बाहेर काही दिसत नसताना नुसत्या समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर उडवायचं. दुसरं प्रशिक्षकाचं, त्यात नवशिक्यांना शिकवता शिकवता आपलेही तास भरतात. नाशिकमधले सगळे नातेवाईक म्हणतात, दुसरं घे, आई शिक्षिका होती, तुझ्या रक्तातच आहे. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी सहावीत असताना एका शनिवारी तू मला हरसूलला, तुझ्या शाळेत नेलं होतंस. पहिलीतली एक मुलगी पाटीवर 'ळ' काढतेय. पुसतेय, पुन्हा काढतेय. "बाई, नाय जमत." तू तिच्याशेजारी फरशीवर बसलेली, दोन्ही हात मांडीत. "जमंल गं. घाई हाय का कुणाला?" अर्धा तास गेला तरी तू तिच्या पेन्सिलीला हात लावला नाहीस. त्याच संध्याकाळी घरी मी भाकरी थापत होते. कड जराशी फाटली, तर तू पीठच ओढून घेतलंस. "सोड, मी करते. एक काम धड येत नाही तुला." वेणी, शाळेचा नकाशा, सायकलची चेन, सगळ्याचं तेच. मला आजही भाकरी येत नाही. तू गेलीस तेव्हा हरसूलची माणसं भेटायला आली. बाई कधी चिडल्या नाहीत, म्हणाली. मी त्यांना चहा देत होते. मला रडू आलं नाही, रागच आला. लोकांच्या लेकरांना अर्धा तास, आणि मला अर्धं मिनिटही नाही.

प्रशिक्षकाच्या रेटिंगला अर्ज करण्याआधी एक चाचणी घेतात, ती मागच्या आठवड्यात माझी झाली. त्यात आमच्या फ्लाइंग स्कूलचे मोठे सर मुद्दाम नवशिक्यासारखं उडवतात. आपण शेजारी बसायचं आणि अगदीच गरज पडली तर हात घालायचा. जमिनीपासून चार फुटांवर हेलिकॉप्टर एका जागी धरायचं होतं. ते डावीकडे सरकलं मात्र, मी कंट्रोल घेतले. "सोडा, मी करते." शब्द तुझे, आवाजही तुझाच. उतरल्यावर सर म्हणाले, "मॅडम, दोन सेकंद थांबायचं होतं. नवा माणूस एवढ्यातून स्वतः सावरतो. असं केलंत तर तो शिकणार कधी?"

आज अर्ज भरला, प्रशिक्षकाच्याच रेटिंगचा. घरी सांगितलं, तास भरतील म्हणून. ते खोटं आहे. मला शिकवायची हौस नाही आणि तुझा वारसा तर मुळीच नको. मला एवढंच बघायचंय, की ते दोन सेकंद थांबणं माझ्यासारख्या तापट बाईला शिकता येतं का. आलं, तर तुलाही घरी जमलं असतं, तू केलं नाहीस एवढंच. मग तुला माफ करायला कारणच उरत नाही. हे पाठवायचं कुठे? पण अर्जावर सही करताना, आपण यात नापास झालो तर बरं, असं मला वाटून गेलं.