भोसल्यांचं ‘बसले’

६ जानेवारी, सोमवार

केवळाबाई भोसले यांचं ‘केवलाबाई बसले’ झालं!

तहसील रोडवर टेबल टाकून अर्ज टाईप करून देणारी बबिता लॅपटॉप घेऊन दुकानात आली, रडायच्या बेतात. म्हातारी काठी आपटून म्हणाली म्हणे, “आगं, सकाळधरनं उभी हाय मी, आन् तू कागदावर बसवलीस व्हय मला!” सगळी रांग हसली. बबिता नाही हसली. महिन्यात चार अर्ज परत आलेत. झरीचं जरी, फुलाबाईचं पुलाबाई. रांग शेजारच्या टेबलाकडं सरकायला लागलीय.

“आसंच चाललं तर टेबल उचलावं लागंल, मामा. सकाळी नीट चालतंय, दुपारून बिघडतंय. कधी भ येतो, कधी न्हाई.”

कधी येतो, कधी नाही — हा सगळ्यात वाईट बिघाड. मेलेलं बटण परवडलं. सापडतं तरी.

७ जानेवारी, मंगळवार

खोलला. आत धूळ, केस, भाकरीचा चुरा. ब्रश मारला, स्पिरिटनं पुसला, कीबोर्डची वायरपट्टी काढून परत बसवली.

तिच्या टायपिंगात शिफ्ट दाबून ब मारला की भ होतो, ज चा झ, ल चा ळ. म्हणजे डावं शिफ्ट रुसतंय. आणि त्याच्याच वरच्या अंगाचं ो चं बटण. ही दोन सोडून सगळी ठणठणीत. मी साठ वेळा ‘भोसले’ मारलं. साठही वेळा भोसलेच!

ऐकूनही बघितलं. चांगलं बटण दोनदा बोलतं — खाली जाताना ट, वर येताना क. स्टेशनबाहेर रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हापासून माझी अर्धी दुरुस्ती कानानंच होते. विजयमाला म्हणते, “लोकाच्या गोष्टी ऐकून ऐकून कानाच्या पाळ्या गुबगुबीत झाल्यात तुमच्या.” बायकोचं कौतुक असंच असतं.

९ जानेवारी, गुरुवार

लॅपटॉप परत आला. दुपारी दोन वाजता ‘बसले’.

गरम झाला की रुसत असेल म्हणून दिवसभर उन्हात चालवला. माझ्या हातात एकदाही चुकला नाही. नांदेडहून नवा कीबोर्ड मागवला.

११ जानेवारी, शनिवार

नवा बसवला. सकाळी आनंदानं घेऊन गेली. चार वाजता फोन — “मामा, त्येच!”

१२ जानेवारी, रविवार

शिफ्टची तार वेगळी, ो ची वेगळी. दोन्ही एकदम कशा रुसतील? या दोघांत सारखं काय?

१४ जानेवारी, मंगळवार

दुपारी बबिता तीळगूळ घेऊन आली. म्हटलं, आता आलीच आहेस तर बस. लॅपटॉप बाजूला ठेवला, दुकानातला वायरचा कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला. “भोसले मार. मारत राहा.” आणि मी डोळे मिटले.

आठ-दहा वेळा बरोबर. मग शिफ्टच्या जागी ना ट, ना क. काहीच नाही.

“शिफ्ट दाबलंस का?”

“दाबलं की!”

खोटं बोलत नव्हती. खोटं मला ऐकू येतं. डोळे उघडले. पडद्यावर ‘बसले’. डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर होती — नुसती ठेवलेली, जराशी वाकलेली. कडेला हा एवढा फोड.

“हे काय गं?”

“काल भोगीच्या भाकरी करताना तवा लागला आसंल. मला कुठं कळलं!”

शिफ्ट आणि ो. दोन्ही डाव्या करंगळीची बटणं, आणि करंगळी दुपारपर्यंत दमते. मशीन पहिल्यापासून चांगलं होतं.

कीबोर्ड परत फळीवर ठेवला. तिला तीळगूळ द्यायचंही राहून गेलं.

१५ जानेवारी, बुधवार

बापाची करंगळी अशीच वाकली होती आधी. मग शेजारचं बोट. सटवाजी म्हणजे माझा बाप, भल्या घरचा माणूस, लोक काय म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं कुणी दवाखान्यात नेलं नाही. शेवटी शेतातल्या खोपीत राहिले. मी भाकरी घेऊन जायचो, एकाच ताटात जेवायचो. २००६ साली गेले. घरचे सोडले तर इथं पूर्णेत कुणाला माहीत नाही. लोक आपल्या वस्तू माझ्या हातात देतात — कळलं तर देतील का, हीच भीती.

तिला सांगावं आणि चुकलो तर? नुसता बोभाटा झाला तरी तिची रांग उठेल. न सांगावं तर बोट जाईल. मग हात.

१७ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. दुकानात कुणी नसताना, हळू आवाजात. “कोपराची नस डॉक्टरला दाखव. बोट बधिर होतंय तुझं.”

तिला लगेच कळलं मी काय म्हणतोय; दवाखान्याच्या भिंतीवर हीच लक्षणं लिहिलेली असतात. “महारोग झालाय म्हणता का मला? दुसऱ्या कुणी म्हणलं आसतं ना मामा, तर जीभ हासडली आसती!” लॅपटॉप उचलून गेली. चार्जर राहिला.

२० जानेवारी, सोमवार

चार्जर न्यायला आली. घेतला, पण जाईना. तेव्हा बापाचं सांगितलं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. 

ती चार्जरची वायर गुंडाळत राहिली, परत सोडत राहिली.

“तुमी येता का संगट? पण परभणीला जाऊ. इथं नको.”

२२ जानेवारी, बुधवार

एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. बबिताला डोळे मिटायला लावले, करंगळीला पेनचं टोक लावलं. “कळतंय का?” “लावलं व्हय?” मग कोपरामागची नस चाचपली. दोरीसारखी लागली म्हणाल्या.

आहे. पण लवकर सापडलंय. गोळ्या फुकट, बोटाचे व्यायाम. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायची भीती नाही. टेबल चालू ठेवा, म्हणाल्या.

बबितानं एकच विचारलं — “मग भ यील का?”

बाईंना काही कळलं नाही. मी मोठ्यानं हसलो! तीही हसली, डोळे पुसत.

“घरात आधी कुणाला होतं का?” बाईंनी तिला विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मीच म्हणालो, “तिच्या नाही. माझ्या. वडिलांना.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या तोंडाकडं नाही, कानाकडं बघत होत्या. “पाळ्या कधीपासून अशा जाड आहेत, काका?”

२४ जानेवारी, शुक्रवार

आज परत परभणीला. माझ्या कानाच्या पाळीला चीर देऊन त्याच रोगाच्या तपासणीसाठी नमुना घेतला. बबिता शेजारी बसली होती. “लय दुखलं का, मामा?”

पातं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं — घेऊन झालाय.