बाहेरची कडी

पनवेल,
९ जानेवारी १९९४

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा तिळगूळ अमरावतीहून इथे येईपर्यंत भुगा झाला होता. आण्णा तो चमच्याने खाताहेत आणि दर चमच्याला गोड बोलायचं आश्वासन देताहेत. पत्रात तू 'थिसिस कुठवर आला' असं विचारलं नाहीस, त्याबद्दल तुझे पाय धुऊन प्यावेत असं वाटलं. पनवेलीत बाकी कुणी मला सोडलेलं नाही. शेजारच्या हेतलबेन पापड वाळत घालताना विचारतात, न्हावी मानेवर वस्तरा ठेवून विचारतो. वस्तरा मानेवर असतानाही माणूस खोटं बोलू शकतो, हे मला नव्याने कळलं.

मिठागरांच्या बांधांवर उगवणाऱ्या वनस्पती हा विषय मी हौसेने घेतला होता. गव्हाणच्या चिखलात उभं राहून पायांची सालं निघाली, तेव्हाही कंटाळा आला नाही. लिहायला बसलो की मात्र बूड टेबलाशी टिकत नाही. पाणी प्यायला उठतो, पेपर आला का बघायला उठतो, कधी नुसताच उठतो. कॉलेजातले तास सोडले ते लिहायला वेळ मिळावा म्हणून. आता वेळच वेळ आहे आणि ओळ एक नाही.

शेवटी मीच आण्णांना म्हटलं, सकाळी नऊला मला मागच्या खोलीत घाला, बाहेरून कडी लावा आणि एक वाजता जेवायलाच काढा. जन्म कोर्टात गेलेल्या माणसाला ही शिक्षा फारच पसंत पडली. पहिल्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून माझ्या नावाचा तीनदा पुकारा केला, मग कडी घातली आणि खुर्ची टाकून बाहेर बसले. खोलीला मोरी आहे, तांब्या भरलेला असतो, तेव्हा त्या बाबतीत काळजी नसावी.

रेवाला पापा, स्वानंदरावांना नमस्कार. लोभ आहेच, थिसिस होईपर्यंत तरी त्यात घट होऊ नये.

तुझा,
सतू

*

अमरावती,
२० जानेवारी १९९४

चि. सतूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी पोट धरून हसले. यांना वाचून दाखवलं, तर हे हसले नाहीत. म्हणाले, काही झालं तर तो बाहेर कसा येणार? तुझ्या मेहुण्यांना बँकेत बसून बसून सगळीकडे धोकाच दिसतो, तरी आण्णांना सांगून ठेव की खुर्ची सोडून कुठे जायचं तर आधी कडी काढायची.

आणि सतू, रोज एक पान लिही. बरं-वाईट बघू नकोस. पहिली पोळी कुणाची फुगते? तू पहिलीच पोळी परतत बसतोस, आणि पीठ तसंच राहतं. लहानपणी चित्राच्या वहीचंही तेच. झाडाचं एक पान इतकं खोडायचास की कागदाला भोक पडायचं.

एक मात्र मला खटकलं. आण्णा नऊ ते एक तुझ्या दाराशी बसणार, तर विरूपाक्षाच्या देवळाच्या ओट्यावर दिनानाथकाकांशी बुद्धिबळ कोण खेळणार? आई गेल्यापासून त्यांना तेवढाच विरंगुळा आहे. लवकर आटप बाबा. डॉक्टर भाऊ मिरवायला मी नवी साडी बाजूला काढून ठेवली आहे.

लोभ धाकट्यांनी मागायचा असतो, मोठ्यांनी न मागता द्यायचा असतो. तेव्हा आहेच.

तुझी,
ताई

*

पनवेल,
१५ मार्च १९९४

चि. सौ. चारुता हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. येथील सर्व क्षेम. प्रकृतीचे म्हणशील तर डॉक्टर रक्तदाबाची गोळी सोडू नका म्हणतात, मी सोडत नाही.

चि. सत्यजीतचे काम जोरात चालू आहे. तो शाईच्या पेनाने लिहितो. दाराला कान न लावताही कागदावरची कुरकुर मला खुर्चीत ऐकू येते. ती चालू असली की मला छान डुलकी लागते. थांबली की जाग येते. एखादा शब्द अडला असेल म्हणून मी गप्प बसतो, तोच पुन्हा सुरू होते. जन्मभर दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद हाताळले. आपल्या घरात कुणी नवे काही लिहीत आहे, याचे मला किती समाधान आहे हे मला लिहिता येत नाही. तुझ्या आईने हे बघायला हवे होते.

दिनानाथ पट घेऊन आपल्याच ओसरीवर आला होता. पण त्याला मोहरी आपटायची खोड. त्याला सांगितले की थिसिस होईपर्यंत डाव बंद. तो रुसून गेला आणि आता विचुंब्याला मुलाच्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला गेल्याचे समजते. रुसू दे. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली जागा आहे. पेंटरला आधीच सांगून ठेवले आहे की 'डॉ.' जरा ठसठशीत काढ.

चि. रेवाला आशीर्वाद. जावईबापूंना सांगावे की कैदी मजेत आहे. तुम्हां सर्वांवर माझा लोभ आहे हे तुम्ही जाणताच.

तुझे,
आण्णा

*

पनवेल,
२ जुलै १९९४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक, आणि आण्णांना यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. तुला आईची शपथ आहे.

माझी नोंदणी मार्चअखेर संपली. मुदतवाढीसाठी अर्ज करायचा होता. कागद टेबलावर होता, पेन हातात होतं. सही केली नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. माझे गाईड रिटायर होऊन मुलाकडे बंगलोरला गेले. नवे गाईड माझी फाईल चाळून म्हणाले होते की नोंदी अर्धवट आहेत, आणखी दोन हंगाम बांधांवर काढा, मग बघू. त्या दिवशी मी थेट गव्हाणला गेलो. तिथे बांधच नव्हते. मुरूम टाकून सगळं सपाट केलंय, वर डंपर फिरताहेत. ज्याच्या मिठागरात मी इतकी वर्षं चिखल तुडवला तो काशीराम रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. म्हणाला, मास्तर, आता काय बगाचं हाय, मीठ पन नाय नि बांद पन नाय. मग त्याने विचारलं की तुमच्या पुस्तकात आमचा बांध येल ना. मी हो म्हटलं. वस्तऱ्याखाली बोलायची सवय कामी आली.

नऊ ते एक मी आत काय करतो, असं तू विचारशील. पहिल्या प्रकरणाची नक्कल करतो. पेन थांबलं की बाहेर खुर्ची करकरते, आण्णा कानोसा घेतात. मग मी पुन्हा पहिल्या पानापासून उतरवायला घेतो. आता ते प्रकरण मला पाढ्यांसारखं पाठ झालंय. एक वाजता कडी निघते आणि मी दमल्यासारखा बाहेर येतो. खरं सांगू? दमलेलाच असतो.

रोज ठरवतो की उद्या सांगायचं. सकाळी ते चहाचा कप घेऊन दारात येतात, पुकारा करतात, आणि मी मुकाट आत जातो. माणूस बुद्धिबळ सोडून, मित्र सोडून माझ्या दाराशी बसलाय. त्याला काय सांगू, की तुम्ही रिकाम्या खोलीची राखण करताय?

लोभाची लायकी राहिली नाही, पण मागतो.

तुझा,
सतू

*

अमरावती,
१२ जुलै १९९४

चि. सतूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं. फाडताना रडले, आणि रेवाने विचारलं तर कांदा चिरत होते असं सांगितलं. हातात कांदा नव्हता.

तू शपथ घातलीस म्हणून मी गप्प आहे, पण तूच सांग, आणि लवकर सांग. आण्णा रागावतील, दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी पिठलं मागतील. आईच्या वेळेपासून त्यांचं असंच आहे. थिसिस झाला नाही म्हणून कुणी मरत नाही रे. तास पुन्हा मिळतील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती जन्मभर आवळून धरली तर हातच कामातून जातो.

दिवाळीला मी येते. तोवर सांगितलं नसलंस, तर दोघांना समोर बसवून मीच बोलेन.

माझा लोभ लायकी बघून ठरत नाही.

ताई

*

पनवेल,
२४ ऑगस्ट १९९४

चि. सौ. चारुता हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा श्रावणी सोमवारी हेतलबेनना ओसरीवर बसवून विरूपाक्षाला गेलो होतो. तेथे सत्यजीतच्या कॉलेजातील एक प्राध्यापक भेटले. त्यांनी सहज विचारले की नोंदणी रद्द झाल्यावर आता त्याचा काय विचार आहे. मी म्हटले, विचार चालू आहे. नंतर ओट्यावर बसून राहिलो. दिनानाथ असता तर त्याला सांगितले असते.

घरी आलो तेव्हा वाटले, कडी काढावी आणि त्याला विचारावे. दाराशी गेलो. आतून पेनाचा आवाज येत होता. मुली, तो आत काय लिहितो हे मला ठाऊक नाही. पण एक वाजता बाहेर येताना त्याच्या चेहऱ्यावर काम करून आल्याचा जो भाव असतो, तो मी माझ्या हाताने कसा पुसू? उद्यापासून कडी लावली नाही तर मला कळले हे त्याला कळेल, आणि मग या घरात तो मान वर करून जेवणार नाही. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. सुचेल तेव्हा तोच सांगेल. तोवर मी आपला लावतो कडी. पुकारा मात्र आता नीट होत नाही. त्याला सर्दी म्हणून सांगितले आहे.

त्याला काही लिहू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. पेंटर आला होता, त्याला परत पाठवला.

लोभ आहे. तो कसा व्यक्त करावा हे मात्र मला या वयात समजेनासे झाले आहे.

तुझे,
आण्णा

*

पनवेल,
१८ नोव्हेंबर १९९४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू अमरावतीला परत गेलीस आणि घर भकास झालं. आण्णांची तब्येत तू पाहिलीस तशीच आहे. उजवी बाजू हलत नाही, शब्द फुटत नाही. तू इथे होतीस तोवर एक गोष्ट तुला सांगायचं माझ्या जिवावर आलं. हेतलबेननी सांगितली असेल तर माहीत नाही.

दसऱ्यानंतरचा तो दिवस. मी आत नक्कल करत होतो. बाहेर कपबशी फुटली, मग खुर्ची आपटली, मग घरघर. मी हाका मारल्या. आण्णा दाराच्या त्या बाजूला, मी या बाजूला, आणि कडी बाहेरून. मी दाराला खांदे मारले. जुनं सागवान, हललंसुद्धा नाही. खिडकीच्या गजांतून हेतलबेनना ओरडत होतो, तर त्या बाजारात. त्या आल्या आणि कडी काढली, तोवर किती वेळ गेला मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मी त्यांना म्हटलं नाही की मी घरातच होतो.

ती कडी मीच मागून घेतली होती, ताई. मन लागावं म्हणून.

एवढंच एक बरं वाटतं, की थिसिसचं त्यांना काही कळलं नाही.

तुझा,
सतू

*

अमरावती,
१ डिसेंबर १९९४

चि. सतूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी शेवटची ओळ वाचली आणि मला राहवलं नाही. आण्णांना माहीत होतं. श्रावणापासून माहीत होतं. देवळात त्यांना कुणी तरी सांगितलं. त्यांनी मला गळ्याची शपथ घातली आणि तू आईची. मी दोन्ही शपथा पाळल्या आणि मनात म्हटलं, दिवाळीला जायचंच आहे. दिवाळीच्या आधी काय होणार आहे!

त्यांना कळलंय हे तुला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ते रोज कडी लावत होते. आता त्यांच्याजवळ बस आणि सगळं सांग. त्यांना ऐकू येतं.

पेन्सिलीने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. लोभ आहे रे.

ताई

*

पनवेल,
२२ जानेवारी १९९५

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आण्णांच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगितलं. नोंदणी, गव्हाणचा भराव, न केलेली सही, नक्कल. काशीरामचंही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी रडतील किंवा माझा हात तरी धरतील. त्यांनी डावा हात उचलला आणि टेबलाकडे दाखवलं.

मोरी जवळ म्हणून त्यांची कॉट मागच्या खोलीतच आहे, हे तू बघितलंच आहेस. सकाळी नऊ वाजले की त्यांचा हात सुरू होतो. आधी माझ्याकडे, मग टेबलाकडे, मग दाराकडे. मी टेबलाशी बसलो तरी दाराकडचा हात थांबेना. त्यांना कडी हवी होती. मी नाही म्हटलं तर डोळ्यांतून पाणी काढलं. शेवटी हेतलबेनना विनवलं. त्या मला वेडा म्हणाल्या, देवाचं नाव घेऊन कानाला हात लावला, आणि आता रोज येऊन कडी लावतात. ओसरीवरच पापड लाटत बसतात, हाकेच्या अंतरावर. एक वाजता काढतात. आता आम्ही दोघंही आत असतो.

कडीचा आवाज झाला की आण्णा निवांत होतात. मी पेन उचलतो. कुरकुर सुरू झाली की त्यांना झोप लागते, एरवी दिवसरात्र लागत नाही. थांबलो की डोळे उघडतात. पहिलं प्रकरण आता माझ्याच्याने उतरवून होत नाही, हाताला मळमळ होते. मिठागराबद्दल नव्याने लिहायला घेतलं होतं, ते दोन ओळींत संपलं. म्हणून तुला ही एवढी लांबलचक पत्रं येताहेत. तू उलट टपाली उत्तर देत बसू नकोस. वाचली नाहीस तरी चालेल.

आत्ता ते झोपलेत. तोंड थोडं उघडं आहे, श्वास एकसारखा चाललाय. एक वाजायला अवकाश आहे आणि सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. 'लोभ असावा' असं लिहिलं की पत्र संपेल आणि ते जागे होतील, म्हणून ते लिहीत नाही. रेवाचा अभ्यास कसा चाललाय? तिला चित्रं काढायला आवडतात का अजून? स्वानंदरावांचा खोकला थांबला का? यंदा तिळगूळ नीट पोचला, एकही वडी मोडली नव्हती. तिकडे थंडी फार आहे का? इथे नाही. इथे ऊन चांगलं आहे, हेतलबेनचे पापड दुपारपर्यंत वाळतात. विरूपाक्षाच्या ओट्यावर परवा दिनानाथकाका दिसले होते, एकटेच. पट आणला होता. मला बघून त्यांनी