झालं की केलं

अप्पा,

मला भीती वाटते आहे. ती सांगायला घरात माणसं आहेत, पण पहिल्या वाक्यात समजेल असे तुम्हीच होतात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. कचेरीसमोर शिरीषाखाली तुमचं टेबल होतं, तिथे आता झेरॉक्सची टपरी आहे. तरी अजून कोणीतरी कॉलेजच्या फाटकाशी येऊन शिपायाला विचारतं, अर्जवाल्या अप्पांची मुलगी इथेच शिकवते ना. गेल्या महिन्यात अशीच एक बाई आली. तलासरीकडच्या पाड्यावरची, चिकूच्या वाडीत मजुरी करणारी, साधारण माझ्याच वयाची. चारोटीला गाडी बदलून आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. ते तिच्या भावाचं होतं. त्याला फाशीची शिक्षा सुनावलेली आहे.

तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. नऊ वर्षांपूर्वी चिंचणीत एका घरात भरदुपारी त्याने तीन जणांना मारलं. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सात वर्षांची नात. सून डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसली होती म्हणून राहिली. वरच्या कोर्टांनी शिक्षा कायम केली. आता राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज जायचा आहे, आणि त्याला जोडायला त्याचं स्वतःचं पत्र हवं आहे. त्याचा वकील तरुण आहे, सरकारकडून मिळालेला आणि सज्जन. त्यानेच या बाईला सांगितलं, कोणाकडून तरी पत्राचं नीट मराठी करून आण, मग तुझा भाऊ ते आपल्या हाताने उतरवून सही करील.

पकडला तेव्हा तो अंगठेबहाद्दर होता. तुरुंगात लिहायला शिकला, आता दुसऱ्यांना शिकवतो, वर्तणूक चांगली असल्याचा तिथला कागदही आहे. पत्र दीड पानाचं होतं. ‘माझ्या हातून चूक झाली. तीन माणसं गेली. मला रोज आठवतं.’ मागच्या बाजूला एकच शब्द अकरा वेळा लिहिला होता, क्षमा. पहिले चार चुकलेले, मग हळूहळू क्ष जमलेला. ते त्याने पश्चात्तापाने लिहिलं होतं की जोडाक्षर बसावं म्हणून? वीस वर्षं वह्या तपासते आहे, पण मला सांगता आलं नाही.

वकिलाचा फोन आला. ‘झाली’ चालणार नाही म्हणाला, ‘मी केलं’ असं पाहिजे. वरचे लोक हेच बघतात, माणसाने स्वतःवर घेतलं आहे की नाही. फोन ठेवला आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं.

मी पंधरा वर्षांची आहे. मे महिन्याची सुट्टी आहे, तुम्हाला ताप आहे, आणि तुमच्या टेबलावर मी बसले आहे. एक म्हातारा येतो. शेजाऱ्याशी तंटा आहे. कुंपण मोडलं, हातून झालं, असं तो सांगतो. वाक्यात कर्ता स्पष्ट हवा असं मला शाळेत नुकतंच शिकवलेलं आहे, आणि त्याचं बोलणं मला गबाळं वाटतं. मी वळणदार अक्षरात लिहिते, ‘मी कुंपण मोडले.’ तो अंगठा देतो, माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि जातो. त्या कागदावर त्याला दोन दिवस कोठडीत बसवलं. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही समोर पाटावर बसलात, सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "अंगठा त्याचा आहे. वाक्य तुझं आहे." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. बरे झाल्यावर आधी त्या म्हाताऱ्याच्या पाड्यावर जाऊन आलात. काय बोललात ते कधी सांगितलं नाहीत, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

त्या कैद्याची बहीण दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यात बसलो होतो. दिवाळीपासून इकडे जमीन हादरते आहे, अप्पा. तेव्हाही धक्का बसला, खिडक्यांच्या काचा वाजल्या आणि मी चप्पल न घालता मैदानात पळाले. ती जागची हलली नाही. मी परत आले तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होती. "बसा बाई. आमच्याकडं रोजचंच हाय." मग म्हणाली की घराची मागची भिंत पडली, आता सगळे अंगणात ताडपत्रीखाली राहतात, पण भावाला कळवलेलं नाही, त्याला उगाच घोर लागेल. मी तिला विचारलं, तो खरंच बदलला आहे असं तुम्हाला वाटतं का? ती म्हणाली, "आधी भेटायला गेले का तो माझ्याकडं बघायचा नाय. आता बघतो. तेवढंच मला ठावं हाय."

चिंचणीच्या त्या सुनेकडून मी कित्येक वर्षं मासळी घेते. तिच्या घरी काय घडलं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पत्र हातात आल्यापासून मी बाजारात त्या बाजूला फिरकले नाही. शेवटी गेले तेव्हा तिने वरही न बघता विचारलं, "माळ घातलीत काय मॅडम? तीन आठवडे दिसला नाय." मी हसले. ती नाही हसली. म्हणाली, "त्याचं तुम्ही लिहिताय ना?" मी हो म्हटलं, आणि मग का कोण जाणे, बोलून गेले की तो लिहितो, चूक झाली.

तिची कोयती थांबली. "झाली? भात होतो, मॅडम. ते त्यानं केलं." मग पुन्हा कापायला लागली. खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला जगवा नायतर टांगा, मी विचारायला येनार नाय. फक्त मी माफ केलं असं कुठं लिहू नका." आणि पिशवी पुढे केली. घरी जाऊन मी ते मासे शिजवले, पण मला खाववले नाहीत.

सुधारलेल्या माणसाला दया मिळावी का, हा विषय वर्गात दिला तर मी तासभर बोलेन. कोणालाच फासावर देऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण तिच्या पाटीसमोर मला ते म्हणता आलं नाही. आणि तो सुधारला आहे हे ठरवणार कोण? दिल्लीतला कोणीतरी एक वाक्य वाचून ठरवणार, आणि ते वाक्य मी लिहून देणार. त्याच्या पाड्यावर सगळेच ‘झालं’ म्हणतात. ताट पडलं तरी, माणूस मेला तरी. तेच ठेवलं तर एका क्रियापदासाठी त्याचा जीव जाईल. बदललं, तर जो माणूस वाचेल तो तुरुंगात आहे की माझ्या कागदावर, हे मला कधीच कळणार नाही. सकाळी पेपर उघडायला नको वाटतो. बाजारात ती पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, याचीही भीती वाटते.

मी ठरवलं होतं की दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायची आणि त्यातलं कोणतं त्याचं ते त्याला विचारायचं. तसा कागद केलाही. मग तो फाडला आणि दुसऱ्या कागदावर एकच लिहिलं.

काल त्याने उतरवलेल्या पत्राची झेरॉक्स आली. अक्षर त्याचं आहे, जपून काढलेलं, एकही जोडाक्षर चुकलेलं नाही. ‘मी, त्या दुपारी तीन माणसांना मारलं.’ ‘मी’नंतर स्वल्पविराम. तो तिथे नको आहे. लिहिताना माझा हात तिथे थांबला होता, म्हणून पडला. त्याने तोही उतरवला आहे.

हे पत्र तुमच्या जुन्या पॅडमध्ये घालून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार. आज वकिलाचा पुन्हा फोन होता. अर्ज निघतो आहे, फक्त एकदा खात्री करतो म्हणाला, हे त्याचेच शब्द आहेत ना मॅडम?

मी हो म्हटलं, अप्पा.