दोन मजले वर

१४ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,

नमस्कार. मी बरा आहे. खोली लहान आहे, पण ऊन येतं. आईला सांग, जेवतो वेळेवर.

बढतीचं कळलं. विद्यापीठाच्या रुग्णालयात, कॅन्सर विभागात, या वयात प्राध्यापक! अभिनंदन. बाबा फोनवर तुझंच पुराण लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "आणि तू रे?" मी फोन ठेवला.

डीनशी बोललास म्हणे. मला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला परत घेतील. घरच्यांना वाटतं, मी नापास व्हायच्या भीतीने पळालो. वाटू दे.

तुझा तो तास अजून डोक्यातून जात नाही. पेशंटला वाईट बातमी कशी सांगायची. खुर्ची ओढून समोर बसा. आधी विचारा, त्यांना काय माहीत आहे. मग गप्प राहा, रडू द्या. आणि वर दम भरलास, "उपचार ज्याचे, बातमी त्यानेच सांगायची. ज्युनिअरला पुढे करून मागे लपणारा डॉक्टर माझ्या वॉर्डात नको." मी शेवटच्या बाकावर कॉलर ताठ करून बसलो होतो. माझा दादा!

मग ती तुझ्या वॉर्डात इंटर्न म्हणून लागली. आमचं प्रेम तुला माहीत होतं. सगळ्यात आधी तुलाच सांगितलं होतं मी.

एका दुपारी कँटीनमध्ये तिने खुर्ची ओढली, समोर बसली.

"तुला काय काय माहीत आहे?"

मला हसूच फुटलं. "अगं, मी काय पेशंट आहे का?"

ती गप्प राहिली. अगदी तू शिकवलंस तशी.

"सर आणि मी लग्न करतोय."

चहाचा ग्लास भिंतीवर फोडला, ते तुझ्या कानावर गेलंच असेल. तू तेव्हा दोन मजले वर होतास. परक्यांच्या उशाशी तू राउंड सोडून बसतोस, दादा. सख्ख्या भावाकडे यायला दोन जिने उतरला नाहीस? लग्न करणार तू, आणि सांगायला ती!

मी लग्नाला येणार नाही. कॉलेजातही नाही. तिला वहिनी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. रात्रपाळी झाली की तिचं डोकं ठणकतं, बोलून दाखवत नाही ती. तेवढं बघ.

उत्तर लिहू नकोस. आईकडून निरोप नको, तिच्याकडून तर नकोच. पत्ता पाकिटावर आहे. यायचं तर ये, शिव्या खायच्या तयारीने ये.

अजून तरी तुझाच,
धाकटा