आधी वाचा, मग सही करा

मी, वैजयंती श्रीशैल हत्तुरे, वय ७१, महानगरपालिका शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून आणि पाठीशी कोणी उभे नसताना लिहीत आहे. गुडघे सोडले तर माझी कुठलीच तक्रार नाही.

१. राहते घर चिरंजीव शिवराज यास. मात्र खालची खोली दर शनिवारी सकाळी आठ ते दहा शाळेच्या पोरांची. शाळेत वीस वर्षे आणि निवृत्तीनंतर या खोलीत मी पैशाच्या व्यवहाराचा तास घेतला. तो बंद पडता कामा नये.

२. तास पुढे अनिसा शेख घेईल. कागदांचे कपाट तिचे: बँकेच्या स्लिपा, वीजबिले, दामदुपटीच्या जाहिराती. अनिसा सातवीत असताना आईच्या विडी कारखान्यातल्या पीएफचा फॉर्म घेऊन आली. मी पेन काढले तर म्हणाली, "बाई, तुमी नुसतं बघा की." तिने फॉर्म भरला, मी नुसते बघितले. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

३. बँकेतली ठेव नात वैष्णवीला. आधी तिने व्याज साधे की चक्रवाढ ते सांगावे. तिच्या बापाला अजून सांगता येत नाही.

४. मुख्याध्यापक धोंडप्पा सर म्हणायचे, "या पोरांच्या खिशात दमडी न्हाय, त्यांना कसली बँक शिकवता?" ज्याच्याजवळ थोडे असते त्यालाच फसणे परवडत नाही. हे उत्तर तेव्हा सुचले नाही, म्हणून इथे लिहिते. सरांवरचा राग सोडला. निम्मा.

५. रामहरी काळे, माझा विद्यार्थी, बँकेत नोकरीला. निवृत्तीच्या पैशातले दोन लाख ठेवीसाठी मी त्याच्याकडे नेले. "बाई, हितं सही करा की. तुमच्याच हाताखालचं पोर हाय मी." जन्मभर 'आधी वाचा' म्हणून ओरडलेल्या बाईने न वाचता सात सह्या केल्या. ती ठेव नव्हती, दरवर्षी हप्ता मागणारी विमा पॉलिसी होती. पुढचे हप्ते झेपले नाहीत, पैसे बुडाले. हे मी शिवराजला सांगितले नाही, पोरांनाही नाही. लाज वाटली.

रामहरी नोकरीत नवा होता. त्याने तरी तो कागद पुरता वाचला होता की नाही, देव जाणे. पण तेव्हापासून तो दिवाळीला येतो आणि दारातूनच परततो. पैशाचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू; याचे जास्त वाटते. ती पॉलिसी मी त्याला देते. किंमत शून्य. त्याने शनिवारी येऊन पोरांना ती ओळीने वाचून दाखवावी.

६. साक्षीला मी रामहरीलाच बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, पण शून्य द्यायला वकिलांची हरकत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणतात. मीही त्याला 'वाच' म्हणणार नाही. न वाचता सही केली, तर हे सारे त्याला माझ्यामागे कळेल. वाचले, तर मी त्याला केव्हाच माफ केले आहे हे मी समोर असतानाच कळेल. माझा जीव एवढ्यातच अडकला आहे.

सोलापूर, दि. १० नोव्हेंबर २०२५
(सही) वैजयंती श्रीशैल हत्तुरे

साक्षीदार:
१. (सही) ईरम्मा सिद्धलिंगप्पा कोरे, शेजारीण
२. (सही) रामहरी ज्ञानबा काळे
बाई, सगळं वाचलं. पॉलिसीच्या चौथ्या पानावर 'ही ठेव नव्हे' असं छापलेलं हाय. ते मला तवाच ठाऊक होतं. शनिवारी पोरांना आधी तेच सांगतो.